बीएस्सीलाच बायोकेमिस्ट्री मेजर? माझ्या मते घाई होतेय

रामबागेतला मामा

भाचीचं नीट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची परीक्षा, यंदाही हुकलं. थोडक्यात वगैरे नाही, चांगलं सणसणीत हुकलं. आता तिनं जाहीर केलंय की बायोकेमिस्ट्री आणि मॉलिक्युलर बायॉलॉजी (सजीवांमधल्या रसायनांचा आणि रेणूंचा अभ्यास) हाच मेजर, म्हणजे मुख्य विषय, घेऊन बीएस्सी करणार, इथेच इंदुरात. ताईनं 'तू समजाव तिला' म्हणून मला बोलावलं, आणि पोह्यांची बशी संपेपर्यंत मीच निरुत्तर होऊन बसलो. घरी आल्यावर सगळे मुद्दे सुचले (नेहमीचंच), ते इथे मांडतो.

पदवीला पाया पक्का करावा. केमिस्ट्री घ्या, जोडीला फिजिक्स नाहीतर गणित. बायोकेमिस्ट्री एमएस्सीला घ्या की खुशाल. ज्यांची नावं आपण अभिमानानं घेतो त्यांनी काय केलं बघा. बायोकेमिस्ट कमला सोहोनी, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची बहीण, जन्म आपल्या इंदूरचा. १९३३ ची त्यांची मुंबईची बीएस्सी केमिस्ट्री-फिजिक्सची. वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या प्रोटीनवरची केंब्रिजची पीएचडी १९३९ ची, म्हणजे नंतरची. वेंकी रामकृष्णन तर बडोद्यात वाढले, वडील तिथल्या विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचे विभागप्रमुख. मुलानं १९७१ मध्ये बीएस्सी केली ती फिजिक्समध्ये! रायबोसोमवरचं (पेशीत प्रोटीन बनवणारी यंत्रणा) नोबेल २००९ चं. ज्याच्या घरात बायोकेमिस्ट्री रोज पंगतीला होती, त्यानंही ती पदवीला घेतली नाही.

दुसरा थांबा

मामा, मी इंदूरचीच, हाच मेजर घेऊन बीएस्सी केलेली, आता पुण्यात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. तुमची दोन्ही उदाहरणं तुमच्याच अंगावर येतात.

१९३३ मध्ये हा विषय पदवीला शिकवत तरी कोण होतं? डीएनएची रचना कळायला अजून वीस वर्षं होती. आणि बीएस्सी झाल्याझाल्या कमलाबाई बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या त्या बायोकेमिस्ट्रीसाठीच. तिथले प्रमुख सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून दार अडवलं, तर तिथे अडून बसल्या आणि एक वर्ष 'बघू' या अटीवर आत शिरल्या. विषय लवकर मिळावा म्हणून भांडलेल्या बाईंचं नाव तुम्ही 'थोडं थांब' सांगायला वापरताय.

वेंकींचं पुढचंही सांगा ना. फिजिक्सची पीएचडी खिशात असताना सॅन डिएगोला जाऊन पुन्हा बायॉलॉजीचे विद्यार्थी झाले, दोन वर्षं. तो वळसा सगळ्यांच्या घरी परवडतो का?

मेजरनं काय मिळतं, तेही ऐका. मायक्रोपिपेट म्हणजे थेंबाहून कमी द्रव मोजून घ्यायचं उपकरण, त्याच्या बटणाला दोन थांबे असतात. द्रव ओढताना पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. नवशिक्याचा अंगठा ओढतानाच दुसऱ्यापर्यंत जातो आणि वीस मायक्रोलिटरच्या जागी जास्त येतं. डोळ्याला काही दिसत नाही. मग लाउरी पद्धतीनं प्रोटीन मोजायला बसलं की निळ्या नळ्यांची रांग फिक्यापासून गडदकडे जायच्या ऐवजी मध्येच एक नळी गडद, पुढची फिकी. आलेख काढला की सरळ रेषेच्या जागी उंटाची पाठ. माझा अंगठा सुधारायला पूर्ण दुसरं वर्ष गेलं. एमएस्सीला आलेल्या केमिस्ट्रीवाल्यांचे अंगठे पहिल्या सेमिस्टरला काय करत होते ते मी पाहिलंय.

पीथमपूर नाइट शिफ्ट

ताई, अंगठा ठीक आहे हो, पण पोटाचं काय?

मी हीच पदवी घेऊन इंदूरजवळ पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत गेलो होतो, क्वालिटी कंट्रोलसाठी. साहेबानं मार्कशीट उलटीपालटी करून बघितली, जणू मागे काहीतरी लिहिलेलं असणार. म्हणाला, 'केमिस्ट्री मेजर नाही?' म्हटलं, सर, बायोकेमिस्ट्रीत केमिस्ट्रीच असते. 'मग नुसती केमिस्ट्री का नाही घेतली?' काय सांगणार! माझ्यासोबत आलेला साधा केमिस्ट्रीवाला लागला. गोळी पाण्यात किती वेळात विरघळते, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) औषध किती टक्के भरतं, दिवसभर हेच काम असतं. पेशी ऊर्जा कशी काढते ती क्रेब्स सायकल तिथे कुणी विचारत नाही.

नंतर दुसरीकडे दीड वर्ष रात्रपाळी केली. आज पॅथॉलॉजी लॅबना किट विकतो. बरं चाललंय, खोटं कशाला बोलू. शुगरच्या किटमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम काय करतं, रंग कुठून येतो, हे नीट सांगितलं की डॉक्टर चहा पाजतात.

आणखी एक. अर्ध्या आईबापांना वाटतं या पदवीवर पॅथॉलॉजीत टेक्निशियन होता येतं. भिया, त्यासाठी डीएमएलटी किंवा बीएमएलटी, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा किंवा पदवी, लागतं. ही पदवी म्हणजे ते नव्हे. फॉर्म भरायच्या आधी ताईंना हे नक्की सांगा.

कोडवाला कुलकर्णी

२०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल प्रोटीनवरच्या कामाला मिळालं, त्यातलं अर्धं कॉम्प्युटरनं प्रोटीनचा आकार ओळखणाऱ्यांना. नळ्या हलवण्यापेक्षा पायथन शिकवा पोरीला.

दुसरा थांबा

@कोडवाला, तो प्रोग्राम ज्या आकारांवर शिकला ते आकार नळ्या हलवणाऱ्यांनीच पन्नास वर्षं खपून काढलेत. पायथन जरूर शिकावं, मीही शिकले. शिव्या देत.

@पीथमपूर, तुमचं पटलं. नुसत्या बीएस्सीवर नोकरी हवी असेल तर मामांचं म्हणणं खरं आहे, हे मी आधीच कबूल करायला हवं होतं. हा मेजर पुढे शिकणाऱ्यांचा आहे. जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर, गॅट-बी (दोन्ही एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षा), मग एमएस्सी, मग नेट परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,०००, पण तोवर घरच्यांनी पाच वर्षं 'मग आता पुढे काय?' विचारायचं नाही. आणि जॅमच्या त्या पेपरात बारावीपर्यंतचं गणित आणि फिजिक्सही येतं. बायॉलॉजीवाल्या मुली तिथेच घसरतात. मी घसरले होते.

सुदामानगरची आई

माझी लेक याच विषयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी वर्गातली बरीच मुलं नीटची पुस्तकं बाकाखाली ठेवूनच बसायची, वर्षाअखेर निम्मी पसार. ही मुलगी खरंच विषयासाठी जातेय की नीट पुन्हा द्यायला छप्पर हवंय, ते आधी विचारा मामा. आमच्या घरी ते विचारायचं राहिलं होतं.

रामबागेतला मामा

सुदामानगरच्या ताई, विचारलं. 'नीटचं नाव काढलंस तर तुझ्याशी बोलणार नाही' असं उत्तर आलं. दुर्गाबाई-कमलाबाईंचं ऐकून मात्र तिचे डोळे चमकले. फायदा माझ्या बाजूला व्हावा म्हणून सांगितलं होतं.

माझं मत अजून तेच आहे, की केमिस्ट्री सुटता कामा नये. मेजर तिच्या मनासारखा घेऊ दे, मायनर (दुय्यम विषय) केमिस्ट्री, एवढ्यावर तह झालाय. ताईला डीएमएलटीचं सांगितलं, तर ती म्हणाली, 'अगोबाई, मग हे काय आहे?'

@दुसरा थांबा, कॉलेज कसं पारखायचं ते सांगाल का? माहितीपुस्तिकेत सगळ्यांच्याच प्रयोगशाळा चकचकीत दिसतात.

दुसरा थांबा

प्रॅक्टिकलच्या वेळेला जा. एका मायक्रोपिपेटमागे किती मुलं ते मोजा. चारपर्यंत चालेल. दहा असतील तर एक करतो आणि नऊ वहीत उतरवतात. आणि उणे वीस अंशांचा फ्रीज उघडून दाखवा म्हणा. आत बर्फाचा डोंगर आणि कुणाचातरी डबा असेल तर पुढचं कॉलेज बघा.

रामबागेतला मामा

गुरुवारी दोन ठिकाणी जातोय, भाचीला घेऊन. आकडे इथेच टाकतो.