चर्चा: ध्रुवांवरचा बर्फ वितळतोय, त्याचा हिशोब आपणही द्यायला हवा का?

सागरवेल: आर्क्टिक समुद्रावर सप्टेंबरात वर्षातला सर्वांत कमी बर्फ उरतो. १९८०च्या दशकात तो साधारण ७० लाख चौरस किलोमीटर असायचा, २०१२ मध्ये ३४ लाखांवर आला. डर्क नॉट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की हवेत सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे या बर्फातला सुमारे ३ चौरस मीटर तुकडा जातो. एक सतरंजी पसरता येईल एवढा! माझ्या मते कोळशाची नवी वीजकेंद्रं आता थांबलीच पाहिजेत, आपल्याकडचीसुद्धा.

भाऊ_मिऱ्या: ताई, पेल्यातला बर्फ वितळला म्हणून पाणी सांडत नाही. आर्क्टिकचा बर्फ तरंगताच आहे, मग पूर कुठून येणार? आणि अमेरिकेतला माणूस वर्षाला १४ टनांच्या आसपास सोडतो, आपला जेमतेम २. आमच्याकडे भर उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, बर्फाच्या कारखान्याचं काम अडतं आणि मासळी सडते. आधी त्यांनी आवरावं, मग आम्हाला सांगावं.

सागरवेल: पेल्याचं अगदी बरोबर, भाऊ. पण पांढरा बर्फ ऊन परतवतो आणि तो गेल्यावर उघडं पडलेलं काळं पाणी तेच ऊन पिऊन घेतं. म्हणून तिकडची उष्णता आणखी वाढते. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाचा बर्फ तर जमिनीवर आहे. १९९२ ते २०२० या काळात तिथून ७,५६० अब्ज टन बर्फ गेला आणि समुद्र २१ मिलिमीटर चढला. त्यातही एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ग्रीनलँडचं प्रचंड वस्तुमान आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून धरतं. ते घटलं की तिथल्या किनाऱ्यावर पाणी उतरतं आणि दूरच्या उष्ण प्रदेशात सरासरीपेक्षा जास्त चढतं. म्हणजे तिथल्या वितळण्याचा भार तुमच्या रत्नागिरीच्या मिऱ्या बंदरावर जास्त.

तटस्थ७: अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ २०१४ मध्ये विक्रमी वाढला होता, हे कोणी का सांगत नाही?

वास्कोकर: वाढला होता, खरंय. २०२३ मध्ये तोच विक्रमी नीचांकावर गेला. एका वर्षाच्या आकड्यावर कोणतीच बाजू उभी करू नये.

भाऊ_मिऱ्या: ठीक, मिऱ्याचं पटलं. लाटांचा मार आम्ही बघतोच. मग धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा खर्च ज्यांनी दीडशे वर्षं धूर सोडला त्यांनी द्यावा.

सागरवेल: द्यायलाच हवा. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत हानीभरपाईचा निधी मान्य झाला. तो मागताना मी तुमच्या बाजूने आहे. पण माणशी कमी असलो तरी एकूण उत्सर्जनात भारत आज तिसरा आहे आणि आपली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाची. बर्फाच्या कारखान्यांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवायला सरकारने अनुदान द्यावं, ही मागणी मच्छीमार सोसायट्यांनी लावून धरली तर तुमची दुपारची मासळीही वाचेल.

भाऊ_मिऱ्या: अनुदान वेळेवर मिळणार असेल तर सोसायटीच्या सभेत विषय मी मांडतो. कोळसा लगेच बंद करा, याला मात्र माझा विरोध कायम.