वॉटर पार्कची सहल: उधळपट्टी की घरातल्या बायकांचा हक्काचा दिवस?

विश्रामबागकरीण

मे महिन्यात सांगलीतलं आमचं सगळं घर वॉटर पार्कला जाऊन आलं. चुलत सासरे जेवताना म्हणाले, "एका दिवसात सात-आठ हजार पाण्यात घातलेत. तेवढ्यात वर्षाचा तांदूळ भरून झाला असता." वडीलधारे आहेत, तिथल्या तिथं उत्तर दिलं नाही. पण मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

आमच्या घरातले झाडून सगळे पुरुष कृष्णेत पोहायला शिकले. पाठीला डबा बांधून काकाने ढकललं, चार दिवस नाकातोंडात पाणी गेलं, पाचव्या दिवशी हात मारायला लागले. बायकांचं काय? सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही नदीकाठचं. साठी उलटली, पण घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरल्या नाहीत. नदीवर जायचं ते धुणं घेऊन, नाहीतर ओटी भरायला.

त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत बराच वेळ अडून बसल्या होत्या. शेवटी लांब बाह्यांचा तो नायलॉनचा ड्रेस घातला, मंगळसूत्र पिन लावून आत खोचलं आणि लेझी रिव्हरमध्ये, म्हणजे संथ वाहणाऱ्या पाण्याच्या गोल कालव्यात, ट्यूबवर बसल्या. पहिल्या फेरीत ट्यूबच्या दोन्ही कड्या गच्च धरलेल्या. पुढे एक हात सुटला, मग दुसरा, आणि बोटं पाण्यातून ओढत त्या पुढे गेल्या. आम्ही हाका मारतोय, तर लक्षच नाही.

घरातल्या बाईला पाण्यात खेळता येईल अशी दुसरी जागा आपल्याकडे आहे का, ते मला सांगा. मग मी उधळपट्टीचा मुद्दा मान्य करते.

आटपाडकर

ताई, तुमच्या सासूबाईंचं वाचून बरं वाटलं. तरीही मी विरोधात आहे, आणि कारण पैसा नाही.

आमच्याकडे आटपाडीत टँकर विकत घेऊन डाळिंबाच्या बागा जगवलेल्या आहेत. कर्ज काढून पाणी घेतलं, कारण झाडं जळाली की पाच वर्षं मागे. आता शेतीला टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलंय, पण ते दिवस अंगातून जात नाहीत. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिली जलदूत गाडी निघाली ती 10 डब्यांची, एकेकात 50 हजार लिटर. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे मे महिन्यातले सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, मैदानाला पाणी लागतं म्हणून. तेव्हा सगळ्यांना पटलं होतं. मग ऐन उन्हाळ्यात लाटांचा तलाव आणि वरून रेन डान्स कसा पटतो?

आमच्या पोरांनी वर्गात ऐकायचं की शहरातली मुलं सुट्टीत पाण्याच्या फवाऱ्याखाली नाचली, आणि घरी येऊन घागर घेऊन रांगेत उभं राहायचं. हे मला बोचतं.

पेठेतला

ताई, लई बरोबर बोललात. आमच्या आईलाबी नेतो आता.

फिल्टरवाला

मी कुपवाडला असतो, तरणतलावाच्या फिल्टरची कामं करतो. दोन्ही बाजूंनी बोलतो.

पाणी रोज ओतून देतात हा गैरसमज आहे. तेच पाणी वाळूच्या फिल्टरमधून फिरत राहतं. नायलॉनचेच कपडे सक्तीचे असतात ते याचसाठी, सुती कपड्याचा धागा सुटतो आणि फिल्टर तुंबतो. पण पाणी उडतंच. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दिवसाला 8 ते 10 मिलिमीटर धरा. हजार चौरस मीटर पृष्ठभाग असेल तर 10 मिलिमीटर म्हणजे रोज 10 हजार लिटर, सरळ एक मोठा टँकर. शिवाय बॅकवॉशला, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्यानं धुवायला, जातं ते आणि लोकांच्या अंगावरून बाहेर येतं ते वेगळं.

आता दुसरी बाजू. सगळे तलाव मिळून 3 हजार चौरस मीटरचा पार्क समजा. सरासरी एक मीटर खोलीनं भरायला 30 लाख लिटर, आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांत उडणारं 36 लाखांच्या आत. बॅकवॉशचं आणि अंगावरून जाणारं सोडून एकूण 66 लाख. उसाला एका हंगामात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकरी 60 लाख ते 1 कोटी लिटर. अख्खा पार्क उन्हाळाभर एका एकर उसाएवढं पाणी खातो. आपल्या जिल्ह्यात ऊस किती एकर आहे ते सांगायला नको.

आटपाडकर

हिशेब चोख आहे, मानतो. पण उसावर घर चालतं, पोरांची फी निघते. आणि उसाला पाणी जास्त दिलं जातं हे चूकच आहे, त्या चुकीच्या आडोशाला दुसरी उभी करू नका. माझा खरा प्रश्न ते पाणी येतं कुठून, हा आहे. कालव्याचं असेल तर एक गोष्ट. बोअरचं असेल, तर शेजारच्या गावाच्या विहिरीतलंच ते पाणी.

हरिपूरकर

कृष्णा-वारणेचा संगम दारात असताना सांगलीकरांनी तिकीट काढून पाण्यात जायचं, हे मला बघवत नाही. आणि तिथं बघायचं काय, तर फायबरचं समुद्री चाच्यांचं जहाज, प्लास्टिकची नारळाची झाडं. तीनशे किलोमीटर लांब खोपोलीला जावं तर तिथला वॉटर पार्क ग्रीसच्या मायकोनॉस बेटासारखा सजवलेला. पांढऱ्या भिंती, निळे घुमट. आपल्याला स्वतःचं पाण्याचं स्थापत्य नाही का? साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे, थोरल्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली. विहिरीच्या आत महाल आहे. वाईचे, मेणवलीचे घाट आहेत. मुलांना आधी हे दाखवा. आणि पोहणं नदीतच शिकवा, मुलींनाही.

विश्रामबागकरीण

दादा, लिंबची विहीर आम्ही बघितली आहे, मुलांना तो महाल फार आवडला. पण तिथं उतरून डुंबता येत नाही, आणि येऊही नये.

नदीचं म्हणाल, तर औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरी आहेत, माणसं गेली आहेत. 2022 च्या जुलैत अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो आपण सगळ्यांनी पाहिला. त्या पाण्यात मुलीला ढकलू? आणि घाटावर बायकांना ओले कपडे बदलायला आडोसा कुठं आहे? तुम्ही पोरांनी टॉवेल गुंडाळला की झालं. आम्ही तसंच ओल्या अंगानं घरी यायचं आणि सगळ्या रस्त्यानं बघायचं.

मिरजेची आई

मी वॉटर पार्कच्या बाजूची, पण तिथला कारभार मला मान्य नाही. आम्ही गेलो त्या ठिकाणी दारात पिशव्या उघडायला लावल्या. चपाती-भाजी, शेंगदाण्याची चटणी, दहीभाताचा डबा, सगळं बाहेर ठेवायला लावलं. सासऱ्यांना मधुमेह आहे, ते वेळेवर खातात. आत मिळतं काय, तर मैद्याचं आणि तळलेलं, तेही दुप्पट भावानं. तिकीट परवडतं, पण हे नंतरचं कापतं. कपड्यांचं भाडं, लॉकरचं भाडं, ट्यूबचं भाडं. पाच माणसांचं कुटुंब संध्याकाळी बाहेर पडतं तेव्हा घरच्या कर्त्या माणसाचा चेहरा उतरलेला असतो. आजारी आणि वयस्कर माणसांचा डबा आत न्यायला मिळालाच पाहिजे, यावर मी मागे हटणार नाही.

आणि नव्यानं जाणाऱ्यांनी एक ऐका. लाटांच्या तलावात मूल हाताच्या अंतरावर ठेवा. जीवरक्षक शंभर डोकी बघत असतो, तुमचं एक नाही. दंडाला बांधायच्या फुग्यांच्या भरवशावर कुणालाही सोडू नका.

फिल्टरवाला

त्याला जोडून सांगतो. डोळे चुरचुरायला लागले आणि क्लोरीनचा उग्र वास आला की लोक समजतात पाणी स्वच्छ आहे. बरोबर उलट आहे. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून क्लोरामाइन तयार होतं, तो त्याचा वास असतो. चांगल्या पाण्यात मोकळं क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) आणि पीएच (आम्लतेचं माप) 7.2 ते 7.8 असतो, आणि वास जवळजवळ येतच नाही. ही नोंद दिवसातून अनेकदा घ्यायची असते. वही दाखवा म्हणून विचारा. आत उतरण्याआधी शॉवर घ्या आणि लहान मुलांना दर तासाला बाहेर काढून लघवीला नेऊन आणा. जुलाब होऊन गेलेलं मूल तर आणूच नका, क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनमध्येही कित्येक दिवस जगतो.

हरिपूरकर

एवढं सगळं सांभाळायचं, तर तेच पैसे महापालिकेच्या तरणतलावात का घालू नयेत? बायकांसाठी रोज दोन तास राखीव, शिकवायला बाई, कपडे बदलायला धड खोली. वर्षभर चालेल.

विश्रामबागकरीण

हे मला मान्य. तुम्ही निवेदन लिहा, पहिली सही माझी, आमच्या भिशीतल्या सगळ्यांच्या सह्या मी आणते. पण ते होईपर्यंत सासूबाईंना थांबा म्हणणार नाही. त्यांचं वय थांबत नाही.

आटपाडकर दादा, तुमच्या पोरांच्या घागरीचं वाचल्यावर गप्प झाले. मी जाणं सोडणार नाही, पण पाणी कुठलं आणि किती, हे तिकीट काढणाऱ्यानं विचारलं पाहिजे.

फिल्टरवाला

विचारता येतं. उडालेलं पाणी भरून काढायची लाइन वेगळी असते, तिच्यावर मीटर बसतो. रोजचा आकडा दारातल्या फलकावर लिहायला काही अडचण नाही.

आटपाडकर

मग लिहा. आणि शेजारी बोअर की कालवा, तेही लिहा. आकडा एप्रिल-मेचा हवा, पावसाळ्यातला नको.