‘के नसेल तर ओव्हरक्लॉकचं नाव काढू नका’ : हे कुणी ठरवलं?

व्होल्टवेडा

काल इथे फोरमवर एकाने विचारलं, कमी पैशांत ओव्हरक्लॉक करायला (म्हणजे चिप कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला) कुठला प्रोसेसर घेऊ. उत्तर मिळालं: "कोअर आय५ १२६००के घे, झेड६९० बोर्ड घे. के नसेल तर ओव्हरक्लॉकचं नाव काढू नकोस. रायझनमध्ये आता काही उरलं नाही." (नावात के म्हणजे गुणक मोकळा असलेली इंटेलची चिप; गुणक म्हणजे मूळ क्लॉकला ज्या आकड्याने गुणून वेग ठरतो तो. रायझन एएमडीचे.) त्याखाली नुसती +१ ची रांग. विचारणारा बजेट म्हणाला होता, ते कुणी वाचलंच नाही.

१२६००के आला तेव्हा अमेरिकेतली किंमत २८९ डॉलर, खोक्यात कूलर नाही. बी६६० मदरबोर्डावर तो बसतो, चालतो, पण गुणक हलत नाही. त्यासाठी झेड बोर्डच लागतो. मूळ टर्बोलाच (चिप गरजेला स्वतः घेते त्या वाढीव वेगाला) १५० वॉटची मर्यादा आहे, व्होल्टेज वाढवलं की त्याच्या वर, म्हणजे कूलरही दांडगा हवा. चिप, बोर्ड, कूलर, तिन्हीकडे जादा पैसे. आणि मिळतं काय? सगळे पी-कोअर (मोठे, वेगवान कोअर) मिळून ४.५ गिगाहर्ट्झवर चालतात ते ५.० ते ५.१ वर जातात. अकरा-तेरा टक्के, तेही काम प्रोसेसरवर अडत असेल तरच. नाकापेक्षा मोती जड झाला.

रायझन ५ ५६०० एप्रिल २०२२ मध्ये १९९ डॉलरला आला, कूलरसह. गुणक मोकळा, बी५५० बोर्ड पुरतो, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत असेल तर बी४५० सुद्धा. पीबीओ (वीज आणि बूस्ट, म्हणजे आपोआप वाढणारा वेग, यांच्या मर्यादा सैल करणं), कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणं) आणि रॅमचं टायमिंग (रॅम किती लवकर उत्तर देते ते), तिन्ही हातात. बजेटमध्ये ओव्हरक्लॉक करायचं असेल तर उत्तर हे आहे.

रिंगबस

ते उत्तर माझं होतं, आणि मी त्यावर ठाम आहे. २८९ आणि १९९ ची तुलना करताना एक गोष्ट तुम्ही गाळलीत: १२६००के मध्ये सहा पी आणि चार ई (छोटे, कमी वीज खाणारे कोअर), एकूण १६ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). ५६०० मध्ये १२. दोन्ही एका पारड्यात कसे टाकता?

दुसरं, पीबीओला ओव्हरक्लॉक म्हणणंच मला मान्य नाही. चिप स्वतःच ठरवते किती पळायचं, तुम्ही फक्त मर्यादा सैल करता. खरा हाताने केलेला ओव्हरक्लॉक ५६०० वर करून दाखवा. सहाही कोअर ४.६ ला बांधले की एका कोअरचा बूस्ट तिथेच अडकला, हलक्या कामात हाती जवळपास काहीच येत नाही. इकडे १२६००के वर पी-कोअर वेगळे, ई-कोअर वेगळे, रिंग (कोअरना एकमेकांशी जोडणारा आतला मार्ग) वेगळी. ई-कोअर ३.६ वरून ३.९ ला न्या, रिंगही वर घ्या, गेममध्ये किमान फ्रेमरेट सुधारतो.

साधासोपा

दोघांचंही चुकतंय. बजेट म्हणजे ग्राफिक्स कार्डाला आधी पैसे. इंटेलचा १२४००एफ १६७ डॉलरला आला, साध्या बी६६० वर लावा, हात न लावता वापरा. वाचलेल्या पैशांत एक पायरी वरचं कार्ड येतं आणि ती पायरी कुठल्याही ओव्हरक्लॉकपेक्षा मोठी असते.

रॅमचं तर कुणी बोलतच नाही. लोक १६ जीबीची एकच पट्टी टाकतात आणि मग २०० मेगाहर्ट्झसाठी रात्र घालवतात. आधी ८ च्या दोन पट्ट्या लावा, चार खाचा असतील तर सॉकेटपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा जाहीर वेग लावणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३६०० ची पट्टी २१३३ किंवा २४०० वर रडत बसते. हे दोन्ही फुकट आहे आणि तुमच्या गुणकापेक्षा जास्त देतं.

जुनाजाणता

कुलूप लावलं कुणी ते आधी बोला! १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए (मूळ ३०० मेगाहर्ट्झ), बस म्हणजे मूळ क्लॉक ६६ वरून १०० वर नेला की ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा. ५० टक्के, स्वस्तातल्या चिपवर. ओव्हरक्लॉक म्हणजे हेच होतं: कमी पैशांत वरच्या चिपचा वेग. मग इंटेलने वरच्या चिपलाच किल्ली लावली आणि किल्लीचे वेगळे पैसे मागितले. २०१५ च्या शेवटी स्कायलेक पिढीच्या के नसलेल्या चिपवर बेस (मूळ) क्लॉक वाढवायची वाट सापडली, २०१६ च्या सुरुवातीला मायक्रोकोडने (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटने) ती बुजवली.

आणि 'के नाही तर काही नाही' हे तर चूकच आहे. बाह्य क्लॉक जनरेटर (क्लॉक तयार करणारी वेगळी चिप) असलेल्या मोजक्या बी६६० बोर्डांवर १२४०० चा बेस क्लॉक वाढतो. गुणक ४०, बेस १२९, झाले ५.१६ गिगाहर्ट्झ. पीसीआय एक्स्प्रेसचा (कार्ड आणि एसएसडी जोडणाऱ्या मार्गाचा) क्लॉक वेगळा राहतो, म्हणून एसएसडी बिघडत नाही.

रिंगबस

तो बोर्ड आज शोधून दाखवा. शिवाय बायोस नवा केला की ती सोय टिकेल याची खात्री नाही, आणि के नसलेल्या चिपवर सिस्टिम एजंटचं (रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) व्होल्टेज बदलता येत नाही. डीडीआर४ रॅम गिअर १ मध्ये (रॅम आणि तिचा कंट्रोलर एकाच वेगात) ३६०० धरेलच असं नाही, बऱ्याच चिप ३४६६ च्या आसपास थांबतात. ५.१ चा प्रोसेसर आणि दबलेली रॅम, याला उपयोग काय?

स्वस्तातली मोकळी चिप हवी म्हणता तर २०१४ चा पेंटियम जी३२५८ आठवा. ७२ डॉलर, ३.२ वरून ४.५ सहज. पण थ्रेड दोनच. चार थ्रेडशिवाय सुरूच न होणारे गेम त्याच वर्षाअखेरीस आले. क्लॉकने थ्रेड वाढत नाहीत.

व्होल्टवेडा

शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. तेच कॅशलाही (चिपमधल्या झटपट मेमरीलाही) लागू आहे: दुकानदार ५६०० ऐवजी ५५०० गळ्यात मारतात, "नंतर ओव्हरक्लॉक करा" म्हणून. ५५०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. शिवाय ५५०० ला पीसीआय एक्स्प्रेस ३ च मिळतं. ही दरी कुठल्याही क्लॉकने भरत नाही. तसंच ए५२० बोर्डावर गुणक बंद, एएम५ (एएमडीचं पुढचं सॉकेट) मध्ये ए६२० वर तेच. ५६०० घेऊन ए५२० घेतला तर मोकळ्या चिपला पुन्हा कुलूप लागलं.

सर्व कोअर बांधायच्या ओव्हरक्लॉकबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून मी तो सुचवतच नाही. मी सांगतोय तो बायोसमधला रस्ता: अ‍ॅडव्हान्स्ड, एएमडी ओव्हरक्लॉकिंग, पीबीओ अ‍ॅडव्हान्स्ड, बूस्ट +२०० मेगाहर्ट्झ, कर्व्ह ऑप्टिमायझर निगेटिव्ह (म्हणजे व्होल्टेज कमी). मूळ मर्यादा ७६ वॉट, सलग करंटला ६० आणि क्षणिक करंटला ९० अँपिअर. त्या थोड्या सैल केल्या की पुरे.

झटपट_बिल्ड

त्यात एवढं काय लिहायचं? ऑल कोअर, निगेटिव्ह ३०, सेव्ह. सिनेबेंच (प्रोसेसरचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) दहा मिनिटं चाललं की स्थिर. ५६०० वर सगळ्यांना -३० मिळतं.

व्होल्टवेडा

नाही, मिळत नाही! हा सल्ला देणं कृपा करून बंद करा. रायझन मास्टर या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या कोअरपुढे तारा दिसतो तो मुळातच कमी व्होल्टेजवर जास्त पळणारा असतो. त्याच्याकडे कापायला जागाच कमी. तिथे -५ ते -१५ मिळालं तरी चांगलं. बाकीचे कोअर -२५, -३० घेतात. म्हणून 'पर कोअर' (प्रत्येक कोअरला वेगळा आकडा) निवडायचं.

आणि सिनेबेंच मल्टी ही यासाठी चुकीची परीक्षा आहे. सगळ्या कोअरवर भार असताना क्लॉक टोकाला पोचत नाही. व्होल्टेज कमी पडतं ते एकटा कोअर ४.६ च्या पुढे झेपावतो तेव्हा, म्हणजे ब्राउझर उघडताना किंवा मशीन नुसतं बसलेलं असताना. म्हणूनच "गेम चार तास चालतो पण डेस्कटॉपवर अचानक रीस्टार्ट होतो" अशा तक्रारी येतात आणि लोक पॉवर सप्लाय बदलतात.

झटपट_बिल्ड

सिद्धांत ठीक आहे, पण लोक बेंचमार्क बघतात. स्कोअर वाढला ना?

व्होल्टवेडा

फाइल खराब झाली तर स्कोअर चाटायचा का? कोअरसायकलर (एकेक कोअर तपासणारा प्रोग्रॅम) वापरा. त्यात प्राइम९५ ही कसोटी, एसएसई हा सूचनांचा हलका प्रकार, एका वेळी एक कोअर, सुरुवातीला प्रत्येकी सहा मिनिटं, मग रात्रभर. एसएसईच मुद्दाम, कारण एव्हीएक्स२ या जड प्रकारात करंट वाढतो आणि क्लॉक खाली येतो; आपल्याला क्लॉक वर हवा. एखादा कोअर चुकला की फक्त त्याचा आकडा ३ ने शून्याकडे आणा, म्हणजे -३० चा -२७. रीस्टार्ट झाला तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हिआ-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) १८ शोधा, त्यात एपीआयसी आयडी (थ्रेडचा क्रमांक) असतो. सहा कोअरच्या चिपवर साधारणतः ० आणि १ म्हणजे पहिला कोअर, २ आणि ३ म्हणजे दुसरा, असं पुढे. व्हिआ १९ दिसला तर दोष बहुधा कर्व्हचा नसतो, एफसीएलके (चिपचे भाग जोडणाऱ्या मार्गाचा क्लॉक) जास्त ताणलाय. ३६०० च्या रॅमला १८०० ठेवा, १९०० च्या पुढे हट्ट नको.

खानदेशी_ऊन

या सगळ्यात हवामान कुठे आहे? कूलर खोलीच्या तापमानाच्या वर किती अंश ते ठरवतो, खोली थंड करत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७५ दाखवणारी चिप ४० च्या खोलीत ९० दाखवते. आणि ५६०० ची मर्यादाच ९० आहे. जळगाव, नागपूर, चंद्रपूरला मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत सोबत आलेल्या कूलरवर पीबीओ सैल केलं तर क्लॉक वाढण्याऐवजी घसरतो. इथे १२० मिमी पंख्याचा, चार हीटपाइपचा टॉवर कूलर हा ओव्हरक्लॉकचाच भाग धरा. रायझन ५ ७६०० ची मर्यादा ९५ आहे, पण तो मोकळा सोडला तर ती गाठायलाच पळतो, तिथे ८८ वॉटलाच बांधून कर्व्ह खाली घ्यावा.

झटपट_बिल्ड

म्हणजे मे महिन्यात टेस्ट केली की वर्षभर चिंता नाही. मग तर सोपं झालं.

खानदेशी_ऊन

इथेच घसरता. रॅमसाठी ते खरं आहे, गरम झाली की चुका वाढतात, म्हणून टेस्टमेम५ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) दुपारी चालवा. कर्व्हसाठी उलट होऊ शकतं. थंडीत चिपला जागा मिळते, ती आणखी वर बूस्ट करते आणि मे मध्ये कधी न गाठलेल्या क्लॉकवर व्होल्टेज कमी पडतं. डिसेंबरच्या पहाटे पहिल्यांदा बंद पडणारी मशीन असतात ती यामुळे. दोन्ही ऋतूंत एकेक रात्र कोअरसायकलर चालवा आणि कर्व्हचा सापडलेला आकडा दोन-तीनने शून्याकडे आणून ठेवा.

झटपट_बिल्ड

बरं. तारेवाल्या कोअरला वेगळा आकडा, एवढं मान्य. पण नवशिक्याला हे सगळं सांगितलं तर तो पळून जाईल.

साधासोपा

पळू दे. ज्याला दोन रात्री टेस्ट करायच्या नाहीत त्याने फक्त एक्सएमपी लावावं. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

रिंगबस

बजेट शब्द मी हलका घेतला, हे कबूल करतो. नव्याने सगळं घ्यायचं आणि पैसे मोजके असतील तर ५६०० आणि बी५५०. झेड बोर्ड ज्याच्याकडे आधीच आहे त्याच्यासाठी माझं उत्तर तसंच राहील.

फक्त एक धोका सांगायचा राहिला. सेकंडहँडमध्ये 'ओव्हरक्लॉकला भारी' म्हणून १३६००के खूप विकायला येतात. १३ व्या आणि १४ व्या पिढीत जादा व्होल्टेजमुळे चिप कायमची झिजू शकते, २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि मग ०एक्स१२बी मायक्रोकोड आले ते यासाठीच. ते पुढची झीज थांबवण्यासाठी आहेत, झालेली भरून काढत नाहीत. इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, त्यामुळे खोका आणि बिल नसेल तर हात लावू नका. १२ व्या पिढीला हा त्रास नाही.

व्होल्टवेडा

ही नोंद पहिल्या उत्तरात असती तर धागा काढायची वेळ आली नसती. मूळ विचारणाऱ्यासाठी: ५६००, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक असलेला बी५५०, ८ च्या दोन ३६०० सीएल१६ (टायमिंगचा आकडा) पट्ट्या, टॉवर कूलर. पहिल्या दिवशी फक्त एक्सएमपी आणि टेस्टमेम५. ती स्वच्छ गेल्याशिवाय कर्व्हला हात लावू नका, नाहीतर चूक रॅमची की कोअरची तेच कळणार नाही. स्क्रीन आलीच नाही तर प्लग काढून बोर्डावरच्या सीमॉसच्या (बायोसच्या सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर दहा सेकंद टेकवा.