खोटी साक्ष : पोलीस ठाण्यात नाही, कोर्टातच

एका भाऊंनी लिहिलंय की साक्षीदार खोटं बोलला तर सरळ पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा टाकायचा, तर भाऊ तसं होत नाही. तक्रार ज्या कोर्टात खोटं बोललं गेलं त्या कोर्टानेच लेखी करायची असते, आपण फक्त अर्ज देऊ शकतो, पूर्वी त्यासाठी सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३४० होतं, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३७९. आणि खोटं सिद्ध झालं तरी 'न्यायाच्या हितासाठी गरज आहे' असं कोर्टाला वाटलं पाहिजे, बहुतेक अर्ज इथंच गचकतात.

शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. निकाल देतानाच सेशन्स जज किंवा प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेट संक्षिप्त पद्धतीने उरकू शकतात, त्यात जास्तीत जास्त तीन महिने किंवा हजार रुपये, किंवा दोन्ही.

आमच्या अमळनेरकडच्या बांधाच्या केसमध्ये समोरच्याचा साक्षीदार म्हणे मोजणीला मी स्वतः हजर होतो, आणि पंचनाम्यावर त्याची सहीच नाही! वकिलाने कागद पुढे धरला तसा गडी टोपी काढून घाम पुसायला लागला. आम्ही अर्ज दिला, पण मूळ दाव्याच्या निकालासोबत बघू म्हणून तो तसाच पडून आहे, तारखेला जायचं, कोर्टाबाहेर भरीत-भाकरी खायची नि घरी यायचं.