स्टॅटिक आयपीचे पैसे भरण्याआधी एवढं बघा

निपाणीच्या दुकानातले कॅमेरे बेळगावातल्या घरून दिसत नाहीत, हा तुमचा प्रश्न. त्यावर एकाचं 'स्टॅटिक आयपी घ्या' असं उत्तर आलंय, पण ते अर्धंच आहे. स्टॅटिक-डायनॅमिक म्हणजे आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कायम राहतो की बदलतो, इतकंच. तुमची अडचण बहुधा पब्लिक-प्रायव्हेटची आहे, म्हणजे तो पत्ता इंटरनेटवरून थेट गाठता येतो की फक्त आतल्या नेटवर्कपुरता आहे, याची.

दुकानातल्या राउटरमध्ये लॉगिन करून वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे कंपनीने एकच पब्लिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. मग राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या उपकरणाकडे वळवणं) कितीही करा, बाहेरून आत शिरता येणार नाही. तिथे १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा पत्ता दिसला तरी वर आणखी एक नॅट (एका पत्त्यामागे अनेकांना बसवणारी व्यवस्था) आहेच.

आयपीव्ही४ (आयपीची जुनी पद्धत) चे पत्ते ३२ बिटांचे, एकूण सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले, म्हणून ही वाटावाटी.

तेव्हा आधी कंपनीला आयपीव्ही६ (आयपीची नवी पद्धत) मिळतं का ते विचारा. त्यात १२८ बिट आहेत, टंचाई नाही. डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) २ ने सुरू होणारा पत्ता मिळाला तर तो पब्लिकच. एफई८० ने सुरू होणारा मात्र त्या नेटवर्कपुरताच चालतो. आणि कळकळीने सांगतो, डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बदलल्याशिवाय राउटरचा फायरवॉल (बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा) उघडू नका. घरच्या मोबाईलवरही आयपीव्ही६ हवं, तेही तपासा.