टेपवरून गेम चढवला म्हणजे कॉम्प्युटर कळला का?

चरईकर: परवा इथे कुणीतरी लिहिलं, ‘आमच्या पिढीने कॉम्प्युटर समजून घेतला, आजची पोरं नुसती बोटं फिरवतात.’ खाली बदामांचा पाऊस. अहो, नौपाड्यात माझ्या मामाकडे होता स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर, आखातातून आणलेला. 48 केबी मेमरी, रबराची बटणं, पडदा म्हणून घरचा टीव्ही. ‘J’चं बटण दाबलं की अख्खा ‘लोड’ शब्द उमटायचा, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा पी, एंटर, आणि टेपरेकॉर्डर चालू. बराच वेळ कर्कश चीं-चीं आणि शेवटी ‘आर टेप लोडिंग एरर’! हेड पुसा, आवाज जरा कमी करा, पुन्हा पहिल्यापासून. मजा यायची, नाही कोण म्हणतंय? पण समजलं काय, तर गेम कसा चालू करायचा. मामेभाऊ आज साड्यांचं दुकान चालवतो. माझी भाची फोनवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय, ती बोटं फिरवणारी?

घणसोलीकर: पोस्ट माझीच. स्पेक्ट्रम चालू केला की समोर थेट बेसिक यायचं, म्हणजे प्रोग्राम लिहायची सोपी भाषा. गेम नसला की आम्हीच दहा-वीस ओळी लिहायचो, चुकायचो, परत लिहायचो. केंब्रिजवाल्यांनी रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर उगाच नाही काढला. प्रवेशाला येणाऱ्या मुलांना पूर्वीसारखं प्रोग्रामिंग येईनासं झालं, म्हणून काढला. त्यांना कळलं, चरईत पोचायचंय.

कोपरीची ताई: ‘आम्हीच’ म्हणजे कोण हो? आमच्याकडे पीसी आला तो दादाच्या बारावीनंतर. मी कव्हर धुवायचं, धूळ पुसायची, बटण मात्र दादाने दाबायचं. मी शिकले ते नोकरीत, डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याचं काम, करता करता. आणि डीटीपीचं निघालंच आहे तर, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक कोडिंगमध्ये, देवनागरी 1991 पासून. तरी आम्ही वर्षानुवर्षं ज्याचा फॉन्ट त्याचं कोडिंग करत बसलो. बाबांच्या कवितांची सीडी आहे घरात, उघडली की नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

टंकमित्र: जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर असतात ताई. आणि भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड 1986 पासून आहे. कुणी शिकलंच नाही, सगळ्यांना टाइपरायटरचाच ले-आउट हवा. आळस, दुसरं काय.

कोपरीची ताई: आळशी कुणाला म्हणता? दिवाळी अंकाची पानं रात्रीत छपाईला द्यायची असताना नवा कीबोर्ड गिरवत बसायचं? आणि तुमचा कन्व्हर्टर रफार पुढे ढकलतो. ‘कार्य’चं ‘कायर्’, ‘सूर्य’चा ‘सूयर्’. अख्खं पुस्तक तपासलंत कधी असं? मग बोला.

टंकमित्र: तपासलंय. जोडाक्षरंही तुटतात. म्हणून बाबांच्या कविता टाकून द्यायच्या?

कोपरीची ताई: बाबांवर जाऊ नका.

चरईकर: अहो, धागा फॉन्टचा नाहीये!

ऐरोली_लोकल: लोडशेडिंग कुणाला आठवतं का? खाडीपलीकडे मुंबईत लखलखाट आणि आमच्याकडे यूपीएसचं टूं-टूं. फाईल सेव्ह करायची सवय प्रेमाने नाही लागली, भीतीने लागली. आजच्या पोरांना ती भीतीच नाही, बरंच आहे की.

घणसोलीकर: बरं बाबांनो, ‘आमची पिढी’ खोडा आणि ‘ज्यांच्या घरी मशीन होतं नि ज्यांना हात लावू दिला ती पोरं’ असं वाचा. झालं समाधान? पण चरईकर, भाचीला एवढं विचारा, फोन फुटला तर तिचा प्रोग्राम कुठे राहतो.

चरईकर: विचारलं. गिटहबवर, म्हणजे इंटरनेटवर प्रोग्राम ठेवायच्या जागी, म्हणाली. तुमची टेप कुठे आहे?

घणसोलीकर: माळ्यावर. बुरशी धरलीय, पण आहे.

कोपरीची ताई: तुमचं चालू द्या. माझी सीडी कोण वाचून देणार ते सांगा.

टंकमित्र: फॉन्टचं नाव कळवा, बघतो. रफार तुमचे तुम्ही लावा.