पायथन की पॉवर बीआय? आधी जॉइन

डेटाच्या कामाच्या पहिल्या वर्षात पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आधी शिकावं की पॉवर बीआय (डेटाचे रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर), असा वाद चाललाय. माझ्या मते दोन्हींच्या आधी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतला जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडणं, पक्का करा. चुकीचे आकडे बरेचदा तिथूनच येतात.

समजा, एका ऑर्डरची रक्कम ९०० रुपये आहे आणि तिच्यात ३ वस्तू आहेत. वस्तूंचं टेबल जोडलं की ऑर्डरची ओळ तीनदा येते आणि बेरीज २,७०० होते. क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) एरर देत नाही, त्यामुळे चटकन लक्षातही येत नाही. मग बरेच जण बेरजेत डिस्टिंक्ट (सारखी रक्कम एकदाच धरा, असं सांगणारा शब्द) घालतात. ते तर अजिबात करू नका! ९०० रुपयांच्या दोन वेगळ्या ऑर्डरी असतील तर त्यातली एक गायब होते. वस्तूंचं टेबल आधी ऑर्डर आयडीवर ग्रुप करून प्रत्येक ऑर्डरची एकच ओळ करा, मग जोडा. जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायच्याच.

लेफ्ट जॉइन डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवतो, जुळो न जुळो. त्यात उजव्या टेबलावरची अट वेअरमध्ये (ओळी गाळणारा भाग) टाकली तर न जुळलेल्या ओळी गळतात आणि तो इनर जॉइनच (फक्त जुळलेल्या ओळी ठेवणारा) होऊन बसतो. ती अट ऑनमध्ये, म्हणजे टेबलं कशावर जोडायची ते सांगणाऱ्या भागात, लिहा.

एक्सेलबद्दल एवढंच, की सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) डबल क्लिक करून उघडू नका. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात, १५ अंकांपुढचे सगळे अंक शून्य होतात, आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं की मूळ क्रमांक गेलाच. डेटा टॅबमधून फाइल आत घ्या आणि लोड करण्याआधी तो कॉलम टेक्स्ट करा.